कोरेगावातलं पहिलं ई-मेल केंद्र

१ जानेवारी १९९९, सकाळी ७
रोजनिशी सुरू. खाजगी.
संकल्प: टायपिंग इन्स्टिट्यूट बंद. टाइपरायटर हे मेलेलं यंत्र आहे. त्या जागी 'कोरेगाव ई-मेल केंद्र'. संचालक: हिंदुराव, म्हणजे मी. शिवाय चहा दिवसाला दोनच कप.
संयोगिताला सांगितलं. सौ. म्हणाली, जूनच्या परीक्षेला सदतीस मुली बसणार आहेत, त्यांना काय सांगू? म्हटलं, सांग भविष्यकाळ आलाय. ती म्हणाली, मग त्याला पुढच्या खोलीत बसवा, मागच्या खोलीत मी टायपिंग चालू ठेवते.
मान्य केलं. संक्रमणकाळ आहे.
चहा: चार.

९ जानेवारी
कॉम्प्युटर बसला. मोडेमही. पुण्याचा नंबर लावून जोडणी घ्यायची. अकराव्या प्रयत्नात लागली. मोडेम असा ओरडला की मागच्या खोलीतल्या मुलींनी टायपिंग थांबवलं. क्षण ऐतिहासिक होता.
नियमावली भिंतीवर लावली.
एक: चपला बाहेर काढाव्यात (व्हायरस).
दोन: पडद्याकडे ग्राहकांनी पाहू नये. यंत्र फक्त संचालक हाताळतील.
तीन: पत्रव्यवहाराची गोपनीयता हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे.
तिसरा नियम लाल शाईत. अमेरिकेत या हक्कासाठी लोक लढतायत. इकडे जागृती शून्य.
आरोग्य केंद्रातल्या नर्स बनाबाई खरात सौ.ला भेटायला आल्या होत्या. नियम वाचून म्हणाल्या, "आवं सर, व्हायरस चपलेतनं येतो हे आमच्या ट्रेनिंगला न्हाई सांगितलं." वैद्यकीय व्हायरस वेगळा आणि तांत्रिक वेगळा, हे समजावलं. पटलेलं दिसलं. चपला काढल्या नाहीत.

१७ जानेवारी
पहिला ग्राहक. बनाबाईच. नवरा लवकर गेला. नोकरी करून मुलाला, रोहनला, सांगलीत इंजिनियर केला. तो आता अमेरिकेत, वाय-टू-केच्या कामावर. सन दोन हजार उजाडताच जगातले कॉम्प्युटर बिथरणार आहेत, त्यांना आधीच समजावणं हे त्याचं काम.
महिन्याला एक पत्र आणि एक फोन, असा या मायलेकांचा मागास कारभार. म्हटलं, दोन्ही बंद करा. इथून पुढं फक्त ई-मेल. रोहनही तेच म्हणत होता म्हणे.
त्यांचं खातं उघडलं. पासवर्ड मी ठरवला. काय ठेवला, असं त्यांनी विचारलं. पासवर्ड गुप्त असतो, म्हणून सांगितला नाही.

२५ जानेवारी
रोहनची पहिली ई-मेल! मराठी फॉन्ट जात नाही, त्यामुळे मराठीच पण इंग्रजी अक्षरांत लिहितो. बराच लांब मजकूर. बनाबाई समोर स्टुलावर. नियम दोनप्रमाणे पडदा माझ्याकडे.
सुरुवात वाचून दाखवली: तब्येत बरी, थंडी फार. मधे दोन मोठे परिच्छेद होते. ओझरती नजर टाकली. कंपनी, सहकारी वगैरे, कंटाळवाणं. शिवाय तिसऱ्या नियमाचा विचार करता सगळंच वाचणं बरं नव्हे. थेट शेवट वाचला: "माया आहे म्हणून इथे करमतं."
बनाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "लोकं बरी भेटली म्हनायची पोराला. परक्या मुलखात माया लावत्यात."
तंत्रज्ञानानं माणसं जवळ येतात, असा लेख लिहिणार. दोन हजार शब्द. उद्यापासून.

१२ फेब्रुवारी
रोहनची दुसरी ई-मेल. छोटी. "मायाबद्दल तुला काय वाटतं ते सरळ लिही. तुझ्या उत्तराची वाट बघतोय." खरं तर 'मायेबद्दल' पाहिजे. परदेशात विभक्ती कच्ची होते. वाचताना दुरुस्त करून वाचलं.
बनाबाई गोंधळल्या. असं का विचारतोय? मी म्हणालो, एकटेपणात माणूस तात्त्विक होतो.
मग म्हणाल्या, "ल्हिवा. परक्या मुलखात मायेला भुलू नगंस. ती चार दिसाची आसती. आपल्या कामावर ध्यान दे. आन् जेवत जा."
वा! अनुभवाचे बोल. शुद्ध मराठीत टाइप केलं. अमेरिकेत गोंधळ नको म्हणून शब्द त्याच्याच पद्धतीनं ठेवला, 'मायाला भुलू नकोस.' 'जेवत जा' हे किरकोळ वाटल्यानं गाळलं.
पाठवून दिली. क्षणात अमेरिका!

१४ ते १७ फेब्रुवारी, सांगली
सौ.चे मामा दादासो हळदीचे व्यापारी. त्यांच्या ओळखीनं व्यापाऱ्यांपुढे माझं व्याख्यान: 'इंटरनेटवर हळद'. श्रोते नऊ. पैकी दोन जण हमाल, सावलीला बसलेले. सांगितलं की पाच वर्षांत हे मार्केट ओस पडेल, सौदे पडद्यावर होतील. दादासोंनी विचारलं, त्यात हळदीचं कांडं मोडून बघता येतं का? म्हटलं, अजून नाही. वास? अजून नाही. मग म्हणाले, "तवर च्या घ्या."
पेजर घेतला. उत्तम यंत्र. त्याची रेंज कोरेगावात येत नाही, हे बसमध्ये बसल्यावर कळलं. त्यामुळे पेजरवर निरोप आला तर तो बघायला सांगलीला जावं लागेल. हरकत नाही, प्रवासात वाचन होतं.

१८ फेब्रुवारी
चार दिवस केंद्र बंद होतं. रोहनची ई-मेल येऊन पडलेली. तारीख तेरा. तीनच ओळी: "आई, तुझा निर्णय कळला. माया रडली. आता मी काही विचारणार नाही."
'माया रडली'! अमूर्त गोष्टीला सजीव केलं. चेतनागुणोक्ती अलंकार. इंजिनियर असून साहित्याकडे वळतोय.
बनाबाईंना वाचून दाखवली, अलंकारही समजावला. त्यांचं लक्ष नव्हतं. दोनदा विचारलं, "काही विचारणार न्हाई म्हंजे?" मी म्हणालो, स्वावलंबी झाला.
दाराशी जाऊन परत आल्या. "आन् कसला निर्णय वो सर?"
ग्राहकाच्या कौटुंबिक बाबीत संचालकानं पडू नये. तसं सांगितलं.

१ मार्च
बनाबाई रोज ड्यूटी संपवून येतात. रोहनचं काही नाही. आमच्या तीन ई-मेलना उत्तर नाही. तिन्ही मी आकर्षक भाषेत लिहिल्या होत्या.
कारणं शोधली. सर्व्हरवर ताण असावा. समुद्राखालची केबल. किंवा अमेरिकेत सुट्टी.
सौ. म्हणाली, बाईंचा डबा दोन दिवस तसाच परत जातोय म्हणे. फोन तरी लावून द्या. रोहनच्या नंबरवर लावला. निरोप टिपून घेणारं यंत्र बोललं. त्याला बनाबाई म्हणाल्या, "रोहन, मी आई. काय झालं रं?" आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. यंत्रानं तेवढंच घेतलं.
माझंही लेखात लक्ष लागेना. चहा: सात.

११ मार्च, दुपार
अनर्थ.
बनाबाई आल्या. चपला घालूनच. माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, पडदा दाखवा. मी नियम दोनकडे बोट केलं. त्यांनी दोन्ही हातांनी पडदा स्वतःकडे फिरवला. वायर ताणली गेली.
मी म्हणालो, इंग्रजी अक्षरं आहेत, तुम्हाला जमणार नाही. म्हणाल्या, "तीस वर्सं डॉक्टरांचं अक्षर वाचतीय मी. ह्ये तर छापल्यालं हाय."
पहिली ई-मेल उघडायला लावली. पडद्यावर बोट ठेवून वाचायला लागल्या. मधल्या दोन परिच्छेदांवर आल्या आणि बोट थांबलं.
"एम, ए, वाय, ए. ही कोन?"
मग सगळं मोठ्यानं वाचलं. अडखळत, पण एक शब्द न गाळता. माया ही त्याच्याच कंपनीत आहे. पलूसची. वडील सुभेदार नाथाजी, सैन्यातून निवृत्त, घरचा ऊस. जात वेगळी, आपल्याला तिथे सहज घेतील असं नाही. दोघांनी लग्न करायचं ठरवलंय. तिच्या घरी अजून सांगितलेलं नाही. "आधी तुला विचारतोय, आई. तू एकटीनं मला वाढवलंस. तू नको म्हणालीस तर मी थांबेन."
मागच्या खोलीतलं टायपिंग कधी थांबलं, कळलं नाही. सौ. दारात उभी होती.
बनाबाई म्हणाल्या, "आन् म्या काय कळवलं त्याला? मायाला भुलू नगंस. चार दिसाची आसती." मग माझ्याकडे बघून, आवाज न चढवता, "सर, तुमी ह्ये वाचलंच न्हवतं व्हय?"
म्हणालो, गोपनीयतेमुळे.


११ मार्च, संध्याकाळ
दुपारचं राहिलेलं. बनाबाईंनी स्टूल ओढलं. टाइप कुठं करायचं, एवढंच विचारलं. सौ.नं अक्षरं दाखवली. एका बोटानं, बावीस मिनिटं. मी मागं उभा. मजकूर असा: "रोहन, मला काही कळलं नव्हतं. मायाला घेऊन ये. तिला सांग रडू नको. जेवत जा दोघं."
'मायाला'तला 'ला' सुटा पडला होता. तसाच राहू दिला.
तासाभरात केंद्राचा फोन वाजला. रोहन. तिकडं पहाट होती. बनाबाई फोनवर फक्त "व्हय, व्हय" म्हणत होत्या आणि सौ.चा हात धरून होत्या.
मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. तिथं बऱ्याच चपला होत्या, मुलींच्या. उगाच सरळ लावल्या.

१३ मार्च
शांतपणे विचार केला. दोष रोमन लिपीचा आहे. विशेषनाम आणि भाववाचक नाम यांत फरक करणारं चिन्ह हवं. वृत्तपत्राला पत्र लिहितोय.
सौ.नं वाचलं. म्हणाली, एम मोठा होता की.
पत्र फाडलं.

१६ मे, रविवार, सातारा
लग्न. बुद्धवंदनेच्या वेळी वधूवर पांढऱ्या कपड्यांत, दोघंही बारीक झालेले. सुभेदार नाथाजी येणार की नाही हे सकाळपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. रोहन पलूसला तीनदा जाऊन आला होता, शेवटच्या खेपेला बनाबाईही गेल्या होत्या. अकराला जीप आली. नाथाजी उतरले, टोपी सारखी केली, आणि बनाबाईंना म्हणाले, "उशीर न्हाई ना झाला?" त्या म्हणाल्या, "न्हाई, वक्तावर आलासा."
खिशात माझं भाषण होतं: 'दोन मनं जोडणारं तंत्रज्ञान', चार पानं. माइककडे निघालो होतो. बनाबाईंनी वाटेत गाठलं. नव्या साडीत, पण चाल वॉर्डातली. म्हणाल्या, शुभेच्छांच्या तारा आल्यात, त्या संयोगिता वाचंल. तुमच्याकडं दुसरं काम हाय.
मायानं येऊन वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "काका, ई-मेलवाले ते तुम्हीच का?" हो म्हणालो. तिनं हसू दाबलं. चांगली मुलगी आहे.
काम: पंगतीला पाणी वाटणं. पितळी जग, तीन पंगती, साडेतीनशे माणसं. कुणी हात केला की जायचं, ग्लास भरायचा, पुढं सरकायचं. वाचायचं काही नाही, सुधारायचं काही नाही.
एकाचीही तक्रार आली नाही.