दातोबा आले

बाई, तुम्ही गेलात, तरी तुमच्या घरावरून आता मी जात नाही. रस्ता तोच आहे, कंपन्यांच्या बसेस तिथूनच वळतात, पण मी रिक्षावाल्याला सांगते, दादा, पुढून घ्या. आज दुपारी मुलं घरी गेल्यावर वर्गातच लिहायला बसलेय. खुर्ची चार वर्षांच्या पोरांची आहे, गुडघे हनुवटीला टेकतात. पाळणाघराची मुलं चार वाजता येतील, तोवर इथेच थांबायचं. टॉवरखालचा दुकानाचा गाळा आहे हा. काचांवर आतून कार्टून चिकटवलेत, त्यामुळे बाहेर ऊन आहे का आभाळ ते कळत नाही. जमिनीवर प्लास्टिकचं गवत. दार आतून उघडतं, नाही असं नाही, पण उघडलं की शाळा चालवणाऱ्या मॅडमच्या मोबाईलवर टिंग वाजतं आणि लगेच विचारणा होते, काय झालं, कुठे निघालात?

तुमच्या बालवाडीला नावच नव्हतं. देवळाचा सभामंडप, एक फळा, एक पाण्याचा रांजण आणि तुम्ही. बारावी झाल्यावर आमच्या दादांनी मला तुमच्या हाताखाली पाठवलं, घरी बसून काय करतेस म्हणून. तुम्ही मूठभर चिंचोके पुढ्यात टाकताय आणि म्हणताय, "डोळं झाका. झाकलं? आता उघडा. सांगा बरं, म्या किती चोरलं?" आणि सगळी पोरं चोरी पकडायला मोजत सुटतायत. वजाबाकी नावाचं काही असतं हे कळायच्या आधीच त्यांना वजाबाकी येत होती. मला वाटायचं, एवढंच? हे तर मीही करीन. एक पोरगी खांबाला टेकून बसायची, खेळायची नाही. एक दिवस मी तिचा दंड धरला आणि ओढतच रिंगणात आणली. "खेळ की गं, बघ किती मज्जा येते!" तुम्ही फळा पुसत होतात. फडकं हातात तसंच घेऊन आलात, तिचा दंड सोडवलात आणि सगळ्यांसमोर मला म्हणालात, "तुला कुणी ओढून मांडवात नाचाय लावलं तर नाचशील व्हय?" मी म्हटलं, अहो बाई, पण ती नुसती बसून राहते. "नुसती कुठं? बघतीया न्हवं. आतल्या आत चाललाय तिचा खेळ. तुला दिसंना त्यात तिचा काय गुन्हा?" मला इतका राग आला की दोन दिवस मी फिरकलेच नाही. तिसऱ्या दिवशी आले तर ती पोरगी खांबाशी बसूनच सगळ्यांना ओरडून सांगत होती, "चार चोरले! चार!" तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

लग्नात तुम्ही आहेर म्हणून त्याच चिंचोक्यांची पिशवी दिलीत आणि सासूबाईंनी नाक मुरडलं. इथे नोकरी लागली तेव्हा पहिल्याच दिवशी मी ती पिशवी घेऊन आले होते. मॅडम म्हणाल्या, "बाप रे, घशात अडकलं म्हणजे? पालक मला कोर्टात खेचतील." खरं सांगायचं तर त्यात त्यांचंही काही चुकलं नाही. इथे दर महिन्याला हेड ऑफिसातून खोका येतो. त्यात खेळ असतात, खेळ कसा खेळायचा त्याचा कागद असतो, आणि टाळ्या कधी वाजवायच्या तेही त्यात छापलेलं असतं. दहा ते सव्वादहा आनंद. थट्टा नाही करत, वेळापत्रकात तसंच लिहिलंय, जॉय टाइम. भिंतीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लावलंय की इथे शिकणं म्हणजे खेळणं. वाचायला किती छान! आणि रोज साडेअकराच्या आत प्रत्येक मुलाची हसतानाची एक क्लिप पालकांच्या ॲपवर गेलीच पाहिजे. मॅडमचं म्हणणं, रडका चेहरा गेला की ॲडमिशन गेली. आग लागो त्या ॲपला.

तुम्ही म्हणाल, मग सोड की. कुठे जाऊ, बाई? आमच्या यांची कंपनी इथून उठली ती दुसऱ्या राज्यात गेली. तेव्हापासून कॉन्ट्रॅक्टवर चार महिने काम की दोन महिने ब्रेक. घर माझ्यावर आहे. माझ्याकडे डी.एड. नाही, वय चव्वेचाळीस. मोशी-चिखलीत शाळांना काय तोटा, चार ठिकाणी जाऊन विचारून आले. चारही ठिकाणी तसलाच गाळा, तसलंच गवत आणि तसलंच ॲप. एका ठिकाणी तर मुलाखतीत मला नाचून दाखवायला लावलं. मी नाचले, आणि तरी त्यांनी मला घेतलं नाही.

यंदा जूनमध्ये एक मुलगी आली. साडेचार वर्षांची, दोन शेंड्या, बोलणं बेताचं. आई माणला आयटीत, वडील चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये. ती कडेला बसायची. बाकीची मुलं चटईवर उड्या मारायची तेव्हा हिचे ओठ हलायचे. मला वाटलं, तोंडात काही आहे की काय, म्हणून जवळ जाऊन वाकले. तर ऐकू आलं, सात, आठ, नऊ. दुसऱ्यांच्या उड्या मोजत होती! कुणाची उडी रेषेबाहेर पडली तर ती धरायची नाही, थांबायची, मग पुढे मोजायची. कितीतरी वर्षांनी मला वाटलं की मी शाळेत आहे. मी तिला हात लावला नाही, नुसती बाजूला जाऊन बसले. पण ॲपला तिचे ओठ काय कळणार? चेहरा गंभीर, क्लिप नापास. मॅडम रोज विचारायच्या, "हिचं काय करायचं?"

मग एक दिवस तिचे वडील आले. दुपारी ड्युटीवर जाता जाता, गणवेशातच, डबा खांद्याला. लातूरकडचा साधा माणूस. भांडायला आलेत असं वाटून मी तयारीतच होते. ते म्हणाले, "मॅडम, माझी सेकंड शिफ्ट असली की सकाळी मी उठायच्या आत ती शाळेत आलेली असती, अन् मी घरी पोचेपर्यंत झोपलेली. जागी अशी दिसतच नाही बघा. ब्रेकमधी तुमची क्लिप बघतो. समद्यांची लेकरं हसतेत. आमचीच का हसंना? घरी काही कमी पडायलंय का तिला?" काय सांगू त्यांना? तुमची मुलगी आतल्या आत खेळते, हे? सांगायला हवं होतं. तिचे ओठ उड्या मोजतात, एवढं तरी सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं, पण मागे मॅडम उभ्या होत्या. मी म्हटलं, "हसेल हो, बघा तुम्ही."

आणि मी तिला हसायला शिकवलं. खेळातून. मोबाईल वर केला की मी म्हणायचे, "दातोबा आले!" आणि सगळ्यांनी दात दाखवायचे. ज्याचे जास्त दिसतील त्याच्या हातावर चांदणी. ओरडले नाही, ओढलं नाही, पाळीपाळीने घेतलं, मध्येच मुद्दाम हरले. तुमच्याकडून उचललेलं सगळं वापरलं. चार दिवसांत ती शिकली, आठव्या दिवशी तर "दातोबा" म्हणायचीही गरज उरली नाही. इतक्या वर्षांत मी इतकं चांगलं दुसरं काहीच शिकवलेलं नाही, आणि हे लिहिताना मला माझीच किळस येतेय. वडिलांचा मेसेज आला, हात जोडलेले आणि बदाम. मॅडमनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं.

गेल्या सोमवारी ती वर्गातल्या घसरगुंडीवरून पडली. खालचा ओठ फुटला, हनुवटीवर रक्त. तिच्या आईला फोन लावावा म्हणून मी मोबाईल वर केला. आणि तिने दात दाखवले. डोळ्यांतून पाणी वाहतंय, दात लाल झालेत, आणि वरचे-खालचे सगळे दाखवतेय, माझ्याकडे बघून. मी तिला उचललं, पदर ओला करून तिचा ओठ दाबून धरला. टाका पडला नाही, तेवढं नशीब. आईला फोनवर सांगितलं, पडली पण रडली नाही, तर ती म्हणाली, "रडली नाही? खरंच? मॅम, आधी किती रडूबाई होती हो! तुम्ही काय जादू केलीत!" मी "हो" म्हटलं.

आता ती उड्या मोजत नाही. उड्यांकडे बघतच नाही, माझ्या उजव्या हाताकडे बघत बसते. परवा मी मोबाईल कपाटात ठेवून दिला, म्हटलं आज काही झालं तरी बाहेर काढायचा नाही. पाठ करून बसले, चटईवर मुलांना उड्या मारायला लावल्या आणि कान देऊन वाट बघितली. शेवटी वळून बघितलं तर ती माझा रिकामा हात बघत होती. साडेअकरानंतर मॅडमचा फोन, आणि दुपारी वडिलांचा मेसेज, "मॅडम, आज क्लिप नाही आली. बरी हाय ना ती?" काल पुन्हा मोबाईल काढला. तिने दात दाखवले, मी क्लिप पाठवली, तिकडे त्यांचा ब्रेक गोड झाला असेल. चूक त्यांची नाही, तिची तर नाहीच, आणि मी हे थांबवायचं म्हटलं तर सुरुवात कुणाला सांगून करू तेच मला कळत नाही. तुम्ही असतात तर मला सगळ्यांसमोर झापलं असतंत. मला तेच हवंय बहुतेक.

पावणेचार झाले. प्लॅनरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलंय हे सगळं, तो कागद मुलं यायच्या आत फाडायचाय, तेव्हा आता निदान तुमच्याशी तरी खोटं नको. आईला फोन लावायला मी मोबाईल वर केला, असं लिहिलंय ना, ते तसं नाही. मोबाईल आधीच वर होता. साडेअकराला पाच मिनिटं कमी होती आणि तिची एकटीची क्लिप राहिली होती. ती नको नको म्हणत होती, मी दंड धरून तिला घसरगुंडीवर चढवलं. पडली तेव्हा शूटिंग चालू होतं. तिने दात दाखवेपर्यंत मी हात खाली घेतला नाही, बाई. आणि ओठाला पदर लावून झाल्यावर, पडायच्या आधीचं तेवढंच ठेवून, साडेअकराच्या आत पाठवून दिलं.