दुसरा ब्रेक

दि. ४, रविवार

चि. भुंगीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघं खुशाल, म्हणजे मी खुशाल आहे आणि तुझे बाबा निवडणुकीला उभे आहेत. तू फोन न करता पत्र लिहिलंस ते बरं केलंस. फोनवर आपलं बोलणं तिसऱ्या वाक्याला भांडणावर येतं आणि मग दोघींपैकी एकीला "बरं, ठेवते" म्हणावं लागतं. पत्रात माणसाला निदान मनासारखं रागावता येतं.

आणि तू रागावलीही आहेस भरपूर. बाबा माघार घेणार होते, तसा निरोप तुला दिला होता, मग घोडं कुठे अडलं, असं विचारतेस. तू ज्या प्राध्यापिकाबाईंच्या प्रचारात काम करतेस त्यांची आणि कंत्राटदाराची लढत अटीतटीची आहे, हे मला सांगायला नको. रोज पेपरात तेच. बाबांना पडून पडून मतं पडणार मूठभर, पण ती नेमकी बाईंच्या वाट्याची आणि तेवढ्यावर कंत्राटदार संसदेत जाऊन बसणार. पटतं मला. अगं, मला सगळ्यांचंच पटतं, म्हणून तर मी या घरात टिकले.

तर झालं असं. शुक्रवार हा माघारीचा शेवटचा दिवस. सकाळी हे अगदी शहाण्यासारखे उठले. इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली. मी मुद्दाम बरोबर निघाले, कारण एकटे सोडले असते तर वाटेत कुणीतरी भेटलं असतं आणि ह्यांचं मत फिरलं असतं. आपल्याकडे ड्रायव्हिंगच्या शिकवणीच्या गाडीशिवाय दुसरी गाडी आहे कुठे? तीच काढली. हे चालवायला आणि मी शेजारी, शिकवणाऱ्याच्या जागेवर, जिथे पायाशी तो जादा ब्रेक आहे. आपल्या चौकापर्यंत आलो आणि गाडी बंद पडली. हे उतरले, बॉनेट उघडलं आणि आत डोकं घालून उभे राहिले ते निवडणूक कचेरी बंद होईपर्यंत. गाडीला काय झालं होतं ते मला विचारू नकोस, मला त्यातलं कळत नाही.

आता माघार नाही तर निदान पाठिंबा तरी जाहीर करा, असं तुझं म्हणणं. मी सांगून बघते. पण कुणाला सांगायचं? हा माणूस एका जागी सापडला तर ना! सोमवारी म्हणाले, कर कमी करणार. मंगळवारी न्हाव्याकडे जाऊन आले आणि म्हणाले, कर वाढवल्याशिवाय रस्ते होणार कसे. मी म्हटलं, "अहो, कालचं भाषण छापून आलंय." तर म्हणे, "माणसाने विचार करायचाच नाही का?" बुधवारी पुन्हा केस कापायला निघाले होते, मी दारात आडवी उभी राहिले. डोक्यावर कापायला उरलंय काय, देव जाणे.

प्रचाराची तऱ्हा तर विचारूच नकोस. गाडीच्या टपावर कर्णा बांधलाय. लोक बाहेर येऊन ऐकायला उभे राहतात आणि ह्यांचं लक्ष रस्त्यावर. "बंधू आणि भगिनींनो, या मतदारसंघाला आज गरज आहे ती, ए निळी गाडी, दिवा कोण दाखवणार, तुझे काका? हं, तर गरज आहे ती..." लोक हसतात. ह्यांना वाटतं सभा रंगली. परवा सकाळपासून कालव्यापलीकडच्या गल्ल्या पिंजून काढल्या. घरोघरी चहा झाला, लोकांनी हार घातले, एका आजींनी तर तोंडावरून हात फिरवला. संध्याकाळी खालच्या शिंप्याने सांगितलं की कालव्यापलीकडचा भाग आपल्या मतदारसंघात येतच नाही. मी कपाळाला हात लावला. तर हे म्हणतात, "माणसं तिकडचीच चांगली. मतदारसंघ आखणाऱ्याचं चुकलंय."

हसू येतं ना? मला येत नाही. मी रोज त्या गाडीत बसते.

शिकवणीला कुणी फिरकत नाही. जे येतात ते ह्यांचं भाषण ऐकून जातात आणि क्लचवर पाय ठेवायला शिकत नाहीत. घरात मात्र आवाज झालाय. तू गेल्यापासून हे जेवताना "मीठ" आणि "पुरे" एवढंच बोलायचे, ते आता घास हातात धरून मला लोकशाही समजावतात. कधी कधी वाटतं, ती मीठवाली शांतताच बरी होती. कधी कधी नाही वाटत.

तुझी खोकल्याची तक्रार होती, ती गेली का? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही, सगळं राजकारण. पुढच्या पत्रात तब्येतीचं लिही. रागाचं लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

तुझी,
आई


दि. १५, गुरुवार

चि. भुंगीस आशीर्वाद.

हे पत्र उद्याच तुझ्या हाती पडावं म्हणून बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. आपलाच विद्यार्थी आहे, पोचवेल. तू शनिवारी येणार म्हणून कळवलंस. "बाबांशी समोरासमोर बोलून पाठिंब्याचं पक्कं करायला येते, संध्याकाळच्या गाडीने परत." त्याआधी तुला हे कळलेलं बरं.

टीव्हीवरचा वाद तू पाहिला असशीलच, अख्ख्या जगाने पाहिला. तिघं उमेदवार ओळीने उभे आणि आपले मधोमध. निवेदकाने विचारलं, लोकांनी तुम्हालाच मत का द्यावं? सरळ प्रश्न. शेंबडं पोरही उत्तर देईल. तर हे म्हणतात, "तसं पाहिलं तर बाई माझ्यापेक्षा हुशार आहेत." निवेदकाचं तोंड उघडंच राहिलं. मग ह्यांना वाटलं जरा जास्तच झालं, म्हणून म्हणाले, "पण त्यांना गाडी मागे घेता येत नाही. मी शिकवलंय, मला माहीत आहे." आणि कंत्राटदाराकडे वळून, "ह्यांना तर पुढेही नेता येत नाही." कंत्राटदार लाल झाला, बाई हसू दाबत होत्या, आणि मी इथे शिंप्याच्या दुकानात सगळ्या गल्लीबरोबर बसून पदर तोंडात कोंबत होते. घरी आल्यावर विचारतात, "कसं झालं?" मी म्हटलं, "तुम्ही कुणाचा प्रचार करताय ते एकदा ठरवा." 

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं, शनिवारी येतेय म्हणून. मी वाचून दाखवलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "आपण काही पाठिंबा वगैरे देणार नाही. तिला काय बोलायचं ते येऊन बोलू दे." आणि लगेच तुझ्या खोलीतली जुनी टायरं बाहेर काढायला लागले. पलंगाचा पाय करकरतो म्हणून पाचर मारली. खिडकीची कडी दुरुस्त केली. मला म्हणतात, "पहिल्या दिवशी नाही म्हणायचं. मग ती चिडेल, गाडी चुकवेल, रविवारी पुन्हा वाद घालेल. सोमवारपर्यंत ताणता येईल." भुंगे, हे सांगताना तोंड असं फुललेलं की मला त्यांचा राग यावा की काय करावं, कळेना.

मला राग आला. मग लक्षात आलं, मी तरी वेगळं काय केलंय.

गाडी बंद पडली नव्हती. मी ब्रेक दाबला. ह्यांच्या बाजूचा नव्हे, माझ्या पायाशी असतो तो. इतकी वर्षं त्या जागेवर बसून मी कधी त्याला पाय लावला नव्हता. त्या दिवशी चौक आला, कचेरी समोर दिसायला लागली आणि माझ्या मनात आलं, ह्यांनी माघार घेतली की भुंगीचं काम संपलं. दोन वर्षांत तुझं एक पत्र नव्हतं. हे उभे राहिल्यावर आठवड्याला एक यायला लागलं. सगळी रागाची, सगळी बाबांना गप्प बसवा म्हणणारी, पण तुझ्या हातची. मी पाय दाबला तो उचललाच नाही. गाडी आचके देऊन थांबली.

आणि बाबांचं ऐक. या माणसाने सारा जन्म त्या गाडीत घालवलाय. शेजारच्याने ब्रेकला नुसता तळपाय टेकवला तरी त्यांना कळतं. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडणार. तर म्हणाले, "काहीतरी बिघाड दिसतोय." उतरले आणि धडधाकट गाडीचं बॉनेट उघडून आत बघत बसले. मी आत, हे बाहेर. दोघांनाही ठाऊक होतं, दोघंही बोललो नाही. मागे गाड्यांची रांग लागली. लोक शिव्या देत होते, आणि एरवी दुसऱ्यांना शिस्त शिकवणारा हा माणूस भर चौकात रस्ता अडवून उभा होता.

आपल्या चौकात सिग्नल बसवावा म्हणून ते निवडणुकीला उभे राहिले, असं तू सगळ्यांना सांगतेस. खोटं नाही ते. पण तो चौक मी लग्न होऊन आले तेव्हापासून तसाच आहे. तू बाईंकडे कामाला लागल्याचं कळलं, त्याच आठवड्यात तो ह्यांना असह्य झाला. दोन वर्षांपूर्वी तुला न विचारता ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर "आणि कन्या" रंगवून घेतलं, तू नाही म्हणालीस, तेव्हा दारात उभं राहून हेच म्हणाले होते ना, "काम असल्याशिवाय या घरी येऊ नकोस"? रागाच्या भरात बोलले. तूही त्यांचीच मुलगी. शब्द धरून बसलीस. काम नव्हतं, तर आली नाहीस. मग ह्यांनी तुला काम काढून दिलं. असा उपद्व्यापी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण यात नुकसान बाईंचं होतंय आणि तुझ्या मेहनतीचं मातेरं होतंय. कंत्राटदार निवडून आला तर तो सिग्नल तर सोडच, आहे तो रस्ताही विकून खाईल. उद्या तू हरलीस तर ते आमच्यामुळे, आणि ते तू आम्हाला कधी माफ करणार नाहीस. करूही नयेस. काल जेवताना मी हे सगळं ह्यांना बोलून दाखवलं. ब्रेकचंही. म्हणाले, "कोणता ब्रेक?" मी नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "ती आल्यावर तिच्यासमोर पाठिंबा दिला असता की मी." मी म्हटलं, "म्हणजे ती पाठिंबा घ्यायला येईल आणि घेऊन जाईल. तुमच्याकडे कुठे येईल?" बराच वेळ ताटात बोट फिरवत राहिले. जेवण तसंच टाकून उठले.

आज सकाळी गाडी काढली. बाजारात नेहमीच्या जागी उभी केली आणि माईक हातात घेतला. मला वाटलं, आता पुन्हा कराचं काहीतरी काढतात. तर म्हणाले, "मत मला देऊ नका. बाईंना द्या. माझी मुलगी त्यांच्याकडे काम करते. गाडी तिला मी शिकवलीय. ती भलत्या गाडीत बसायची नाही." एवढं नीट बोलले. मग म्हणाले, "सिग्नल मात्र मागून घ्या," आणि मग, "ए टेम्पो, बाजूला घे, लोक उभे आहेत!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांना टाळ्यांची सवय नाही, गोंधळून म्हणाले, "धन्यवाद, असाच पाठिंबा राहू द्या." सगळा बाजार खो खो हसला. पेपरवाला फोटो काढून गेलाय, उद्या बाईंच्या कचेरीत तुलाही दिसेल.

परत येताना चौकात हे म्हणाले, "पाय बाजूला घे." मी म्हटलं, "बाजूलाच आहे." गाडी थेट घरी आणली. आता अंगणात बसून गाडीवरचा कर्णा सोडवतायत, गाठ निघत नाही म्हणून दोरीवर डाफरतायत. तुझी खोली तयार आहे. शनिवारचं तू रद्द करशील असं ते धरून चाललेत, पण टायरं पुन्हा आत ठेवलेली नाहीत.

तेव्हा बाळा, पाठिंबा तुला मिळाला. समजूत घालायला कुणी उरलं नाही आणि भांडायलाही काही उरलं नाही. शनिवारी या घरी तुझं काहीही काम नाही.

ये.

तुझी,
आई