लायसनशिवायची चवथ

सौ. पल्लवीस,

साखळीत मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं.

पार्से गावात काजूच्या दारूच्या भट्टीवर आग्रहाने दिलेला ताजा हुर्राक मी सरबतासारखा प्यालो आणि टेम्पो काढला, पोलिसांनी पकडलं, ते तुला ठाऊकच आहे. काल कोर्टाने दंड केला, लायसनही सहा महिने बंद. तुरुंग टळला. शेट मला गोदामात कामाला ठेवतायत. त्यांचा टेम्पो आता गोदामातलाच साईश म्हणून एक पोरगा चालवतो. हॉर्न ऐकला की माझा हात खिशात चावी शोधतो. खोलीवर बोलायला कुणी नाही.

आईचा गुडघा कसा आहे?

चवथीला वाडीतले सगळे गणपती दरवर्षी मीच टेम्पोतून आणतो. यंदा बाबुरावकाकांना दुसरी गाडी बघायला सांग. कारण विचारलं तर खरं तेच सांग. आपला गणपती मात्र कुणाच्या गाडीत देऊ नकोस. मी एसटीने येईन आणि डोक्यावर घेऊन चालत आणीन.

तुझा,
गुरुदास