मुशीचं तेल आणि माझी बॅटरीवरची मोटार

५ नोव्हेंबर १९६१, मसोली
आजपासून रोजनिशी. शोध लावणाऱ्याने लिहून ठेवावं, पुढे उपयोगी पडतं. जुन्या मोटारीचं इंजिन काढून बर्फ कारखान्यातली मोटर आणि लॉरीच्या बॅटऱ्या बसवल्या. अंगणात चालते. पुढच्या रविवारी बोर्डीला सुट्टीवर आलेले प्रोफेसर डायनॅमोमीटर घेऊन येणार. मागची चाकं जॅकवर उचलायची, चाकाला दोर गुंडाळायचा, दोराचं टोक ताणकाट्याला. चाक दोराला जितकं ओढेल तितकी गाडीची ताकद. पास झालो की कारखान्याचे शेठ फुकट चार्जिंग देणार आणि सासूबाईंची मासळी वरोरहून डहाणू स्टेशनवर माझ्या मोटारीने जाणार.
नापास हा शब्द घरात काढायचा नाही. बायकोने, हंसाने, लगेच काढला.

७ नोव्हेंबर
वरोरला जाऊन आलो. सासूबाईंची मासळी स्टेशनवर नेणाऱ्या बैलगाडीवाल्या लक्ष्याला सांगून टाकलं, रविवारपासून येऊ नको. तो म्हणाला, आधी मोटार चालू दे. मी म्हणालो, सायन्सवर विश्वास ठेव. तो तळासरीला गवत वाहायला निघून गेला. हंसा म्हणाली, उतावळा नवरा. पुढचं बोलली नाही.

९ नोव्हेंबर
सासूबाईंचा, म्हणजे हिराबाईंचा, निरोप आला. रविवारची सगळी मासळी तुमच्या भरवशावर, दुसरी गाडी सांगितलेली नाही.  

११ नोव्हेंबर, संध्याकाळ
खाऱ्या हवेने पत्रा गंजतो. आमच्याकडे होडी पाण्यात सोडण्याआधी तिला मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल पाजतात. मग मोटारीला का नको? टपापासून टायरपर्यंत दोन हात मारले. टायर काय चमकतायत! हंसा म्हणाली, चाकं तरी सोडायची. तिला मशिनरीतलं कळत नाही. आळीतली मांजरं गाडी चाटतायत. 

१२ नोव्हेंबर, सकाळी
प्रोफेसर अकराला येणार. मोटर तापून तयार असावी म्हणून आत्तापासूनच चालू ठेवलीय. आवाज झकास.

१२ नोव्हेंबर, दुपार
दोर घसरला. चाक भिंगरीसारखं फिरतंय आणि काटा शून्यावर. मी म्हणालो, घर्षण नाही हा गुणच आहे. प्रोफेसरांनी दोर हुंगला आणि नाकाला रुमाल लावला. राखेने, रेतीने टायर घासले, नवा दोर बांधला. तोवर सकाळपासून चालू ठेवलेल्या मोटरने बॅटऱ्या उतरवल्या. चाक जागचं हललं नाही. प्रोफेसर हळूच म्हणाले, ही मोटर तापवावी लागत नाही. शेठ हसलेसुद्धा नाहीत, ते जास्त लागलं.
तिकडे सासूबाई पाट्या भरून रस्त्याकडे डोळे लावून बसल्या असतील. निरोप कोणाबरोबर पाठवू? गाडीवाला तर मीच घालवला.

१३ नोव्हेंबर
काल दिवेलागणीला सासूबाई आल्या. वरोरहून चालत, डोक्यावर एकच पाटी. बाकीची मासळी किनाऱ्यावरच नासली, आणि स्टेशनवरची ट्रेनही निघून गेली होती. ओट्यावर टेकल्या, घाम पुसला आणि एवढंच विचारलं, पास झालात का, जावई? मी म्हणालो, जवळजवळ. त्यांनी मान डोलावली आणि पाटीतले बोंबील मोटारीखालच्या मांजरांना टाकले. मला फार लाज वाटली.

लक्ष्याची समजूत घालायला तळासरीला निघालोय. एसटीने.