बूट दिसले नाहीत म्हणून घाबरू नकोस

श्रीदेवी,

तू देवळातून यायच्या आत निघालोय. दूध तापवून झाकून ठेवलंय. दुकान आज उशिरा उघडू.

बूट घालून गेलोय, पण फिरायला नाही. काल तू म्हणालीस, "घोटा सुजलाय की, दिसत न्हाय का तुमाला?" आणि मी उगाच ओरडलो. खरं सांगू? मलाच काही कळेनासं झालंय. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, सुटलेलं चालणं पुन्हा सुरू करा, नाहीतर धोका आहे. हाडांचे डॉक्टर म्हणतात, मुरगळलेल्या पायाला विश्रांती द्या. चाललो तर पाय ठणकतो, बसलो तर छातीची धास्ती. सुरुवातीला दुखतं, मग थांबतं, घरी आलं की पुन्हा सूज. याला बरं होणं म्हणायचं की बिघडणं?

दोन्ही फायली घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावायला चाललोय. आधी तुम्ही दोघं डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोला, मग मला सांगा, असं म्हणणार आहे.

तू रिक्षा करून तिथंच ये. एकटा असलो की डॉक्टरांच्या बोलण्यातलं मला सोयीचं तेवढंच कानात शिरतं. कालचा राग असला तरी ये. तू आल्याशिवाय आत जाणार नाही.

गुरुराज