हवेवर थंड होणाऱ्या मोटारसायकलीविषयी, तिच्या तेलाविषयी आणि धाकट्या दिराविषयी

मी, डोरीन ट्रेंबाथ, क्लेम ट्रेंबाथ यांची विधवा, वय एकोणऐंशी, राहणार पोर्ट ऑगस्टा, दक्षिण ऑस्ट्रेलिया. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे; डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करते. घाई एवढ्यासाठीच, की दीर लाइल अजून हिंडताफिरता आहे.

१. राहते घर आवारासह पुतणी नोलीन हिला. ती लाइलची मुलगी आहे. त्यात तिचा काही दोष नाही.

२. बँकेतील सर्व शिल्लक विमानाने येणाऱ्या डॉक्टरांच्या सेवेला. ते आले नसते तर मी फार लवकर विधवा झाले असते.

३. मोटारसायकलही नोलीनलाच. अट एकच. हिच्या इंजिनाला पाणी नाही, हवा आणि तेल एवढाच आधार. आमच्याकडच्या जानेवारीत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, हवा स्वतःच भट्टीतून निघालेली असते, तेव्हा सगळा भार तेलावर. म्हणून मोटारसायकलचेच, डब्यावर वीस-पन्नास आकडा असलेले दाट तेल घालावे.

हे आम्हाला ठाऊक होते. तरी एका उन्हाळ्यात क्लेम आणि मी हिच्यावरून उत्तरेला निघताना लाइलने मोटारीचे पातळ तेल आणले. "वहिनी, तेल ते तेल. पातळ असलं की गाडी पळते."

"लाइल, शेगडीत सरबत ओततोयस तू."

क्लेम म्हणाला, "जाऊ दे गं, हौसेनं आणलंय त्यानं."

पिंबा गाव ओलांडल्यावर भर दुपारी इंजिन जाम झाले, मागचे चाक जागीच अडले. मी बाजूला फेकले गेले, गाडी क्लेमच्या पायावर पडली. एक मालट्रक थांबेपर्यंत मी त्याच्या तोंडावर जाकिटाची सावली धरून बसले होते. विमान आले. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

लाइल इस्पितळात द्राक्षे घेऊन आला. "इंजिनच म्हातारं झालं होतं, वहिनी."

नोलीनने तिथेच विचारले, "बाबा, डब्यावर मोटारीचं चित्र होतं ना?"

"चित्रानं काय होतंय!"

द्राक्षेही त्यानेच खाल्ली.

क्लेमने पुन्हा हँडल धरले नाही. मी इंजिन नवे करून घेतले, बाजूला साइडकार लावली, त्याला तीत बसवले आणि चाळिशी उलटल्यावर गाडी शिकले. तो मरेपर्यंत आम्ही हिंडलो. वळणावर तो ओरडायचा, "सावकाश, बाई!" मी ऐकले नाही.

४. लाइलला काहीही नाही. गेल्या ईस्टरला तो स्वतःची जुनी मोटारसायकल घेऊन दारात आला. "फार तापते गं वहिनी. कुठलं तेल घालू?" विचारताना हसत होता. या माणसाला काही आठवतही नव्हते. त्याच्या मागे कोणीतरी बसेल, म्हणून मी खरे तेच सांगितले. त्याने मान डोलावली आणि जाऊन स्वस्तातले पातळच भरले.

५. अंत्यविधीला तो आल्यास येऊ द्यावे. बोलू देऊ नये.

स्थळ: पोर्ट ऑगस्टा
दिनांक: ९ मे २०१९
सही: डोरीन ट्रेंबाथ

साक्षीदार, दोघांनी एकमेकांसमक्ष सह्या केल्या:
बेरिल कूम्ब, शेजारीण
विक मानूसोस, मासळीचे दुकान