बोट डावीकडेच का पलटत होती

मी, शामकला बिसराम वलथरे, वय बावन्न वर्षे, निवृत्त पोलीस हवालदार, राहणार मौजा बोंडेटोला, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझा डावा कान आतून बिघडलेला आहे. डोके बिघडलेले नाही. उद्या कोणी कानाचे कागद नाचवून "बाईला चक्कर यायची, तिला काय समजत होते" असे म्हणू नये, म्हणून गोंदियाच्या दोन डॉक्टरांचे दाखले सोबत जोडले आहेत. दुसरा घेतला, कारण पहिल्या डॉक्टरांनी मला फारसे काही न विचारताच सही केली.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. जुन्या तारखेचा एखादा कागद कोणी पुढे आणलाच, तर आधी अक्षर तपासावे.

१. आईकडून आलेली जागा आणि तिच्यावर मी स्वकमाईने बांधलेले दोन खोल्यांचे घर माझा धाकटा भाऊ बकाराम याला मिळावे. का, ते खाली येईल.

२. माझी सर्फस्की. ही वीस फूट लांब आणि दीड फुटाहूनही अरुंद बोट आहे. वरून उघडी, माणूस तिच्या खोलगट जागेत बसतो, पायाने सुकाणू फिरवतो आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने वल्हवतो. आम्ही ढिवर, मासेमारी करणारे; बाबांच्या डोंग्यात मी चालण्याआधी बसले असेन. त्या जोरावर केंद्रीय राखीव पोलीस दलात खेळाडू म्हणून भरती झाले, शर्यती जिंकल्या, आणि केरळात नेमणूक असताना सात वर्षे ही बोट समुद्रात चालवली. निवृत्तीनंतर २०१० साली ती ट्रकवर बांधून सडक अर्जुनीपर्यंत आणली. ट्रकवाला रायपूरला चालला होता. हायवेवर उतरवताना त्याने विचारले, "दीदी, ये उड़ता है क्या?"
ही बोट रश्मी हिला द्यावी. ती कोण, ते कलम ४ मध्ये आहे. नवशिक्याला ही बोट देऊ नये. तो पाण्यातच राहील.

३. २०१२ च्या दिवाळीनंतर इटियाडोह धरणाच्या पाण्यात मी पडू लागले. वारा नाही, लाट नाही, आणि पालथी. वीस वर्षांत अशी पडले नव्हते. बोट तपासली, काही सापडले नाही. काही सापडत नाही म्हणजे करणारा हुशार आहे, असे मी धरले. बकारामला माझ्या बोटीच्या शेडमध्ये जाळी ठेवायची होती आणि मी नाही म्हटले होते. शिवाय "बाई, हे खूळ विकून टाक" हे तो येता-जाता म्हणे. मी शेडच्या कडीला काळा दोरा बांधू लागले. दोरा कधीच तुटला नाही. तेव्हा वाटले, तो तोडून तसाच नवा बांधत असेल.
शेवटी मच्छीमार सोसायटीच्या मीटिंगमध्ये सर्वांसमोर मी म्हटले की माझ्या भावाने माझ्या बोटीत खोट केली, त्याला माझा जीव घ्यायचा आहे. तो अध्यक्ष होता. उठून गेला आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा पाठवला. राजीनामा दिला म्हणजे गुन्हा कबूल केला, असेही मी लोकांना सांगितले. त्यानंतर तीन वर्षे आम्ही बोललो नाही.

४. पाणी सोडवत नव्हते आणि सर्फस्कीत बसवत नव्हते. म्हणून २०१५ च्या डिसेंबरात समुद्रात लांब फिरायची स्थिर कयाक बघायला कोकणात गेले. विक्रेत्याने तीन बोटी काढल्या. सगळ्यात रुंद बोटीत पाटावर बसल्यासारखे वाटत होते. "हीच स्थिर," तो म्हणाला. त्याने ती खाडीच्या संथ पाण्यात का दाखवली, हे मला लगेच कळले. तिला लाटेत नेऊन कडेवर कलवले. बराच वेळ काही नाही, मग एका क्षणी एकदम पालथी. दुसरी माझ्या मांड्यांना सैल, तीही पालथी झाली. तिसरी बसताक्षणी डुलली, पण कलवल्यावर एका ठिकाणी अडली आणि आधार देऊ लागली. मला तीच पटली. तरी परत येताना तिच्यातूनही पडले.
बोटी धुणारी आणि गिऱ्हाइकांबरोबर पाण्यात उतरणारी मुलगी म्हणजे रश्मी. तिने मला बाजूला घेतले. "ताई, रागावू नका. तिन्ही बोटींतून तुम्ही डावीकडेच पडलात. आधी कान दाखवा, बोट नंतर घ्या."
माझा पहिला विचार असा, की हिला बकारामने फोन केला असणार. दुसरा विचार यायला नागपूरपर्यंतचा प्रवास लागला. या तीन बोटींना बकारामने हात लावलेला नव्हता. त्याने आयुष्यात समुद्रही पाहिलेला नव्हता.
गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितले, आतल्या कानातला तोल तीन-चार वर्षांपासून गेलेला आहे.

५. ती तिसरी कयाक मी घेतली. सोळा फूट, दोन फुटांना इंचभर कमी रुंद, पुढे-मागे पाणी न शिरणारे कप्पे. आत पाणी येऊ नये म्हणून कमरेभोवती पडदा बांधून बसवतात, त्यावर माझा अजून विश्वास नाही. पालथ्या बोटीत डोके खाली असताना तो ओढून काढायचा सराव मी तीस वेळा केला. ही बोट पुतणी समीक्षा, बकारामची मुलगी, हिला द्यावी. तिनेही तीस वेळा करावा, एकोणतीस नाही.

६. माझ्या मृत्यूनंतर कलम ३ आणि ४ सोसायटीच्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचावीत.

७. वरील सहा कलमे १ डिसेंबरला लिहिली. साक्षीदार म्हणून सोसायटीचे सचिव दुधरामभाऊंना बोलावले. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण त्यांनी वाचला आणि पेन खाली ठेवला.
"मेल्यावर कायले वाचाले लावतेस, शामकला? त्याचं घर दोन गल्ल्या पल्याड हाय. जित्ती हायेस तं जाऊन सांग."
हे बोलायला त्यांना बकारामने पढवले का, असे मी विचारले. ते निघून गेले.
संध्याकाळी मी गेले. बकाराम अंगणात जाळे विणत होता. मी म्हटले, "बोटीला तू हात लावला नव्हतास. माझा कान खराब होता."
"मले तं ठाऊकच होतं," तो म्हणाला. "तुलेच ठाऊक नव्हतं."
"घर तुझ्या नावाने केलंय."
"काऊन? मले खुनी म्हनलीस त्याची भरपाई देऊन राहिली का? नाई पायजे तुयं घर."
"मग काय पाहिजे?"
त्याने जाळ्याची एक गाठ ओढून घट्ट केली. मग म्हणाला, "सोमवारी मीटिंग हाय. मेल्यावर नाई. सोमवारी."
सोमवारी एकतीस सभासदांसमोर मी उभी राहिले. समुद्रात कधी घाबरले नव्हते एवढी घाबरले. जे खोटे बोलले होते ते जसेच्या तसे पुन्हा सांगितले आणि ते खोटे होते असे म्हटले. बकाराम मागे बसला होता. चहा यायच्या आत उठून गेला.

८. बकारामने नाकारल्यामुळे कलम १ मधले घर समीक्षाला मिळावे. कलम १ खोडत नाही. खाडाखोड दिसली की लोक शंका घेतात. कलम ६ ची आता गरज उरलेली नाही.

९. मीटिंगनंतर दुधरामभाऊ सही करायला तयार झाले. दुसऱ्या साक्षीदारासाठी मी माणूस शोधत होते, तर आज सकाळी बकाराम आपणहून आला. त्याला काहीच मिळत नसल्यामुळे तो सही करू शकतो, हे वकिलांना दोनदा विचारून घेतले. त्याने प्रत्येक पान दोनदा वाचले.
"याच्या मांगं आनखी दुसरा कागद तं नाई ना, बाई?"
मी नाही म्हटले. त्याने शेवटचे पान उलटून पाहिले, आणि मग सहीसाठी पेन मागितला.

माझ्या व दोन्ही साक्षीदारांच्या सह्या एकाच वेळी, एकमेकांसमोर झाल्या.

लिहून देणार: शामकला बिसराम वलथरे (सही)

साक्षीदार १: दुधराम सोमा मारबते (सही)
साक्षीदार २: बकाराम बिसराम वलथरे (सही)

ठिकाण: बोंडेटोला
दिनांक: ८ डिसेंबर २०१६